नव्या वूडन फ्लोअरिंगला फटी पडल्या? लांबी (पुट्टी) भरायची घाई नको

पावसाळ्यात बसवलेल्या सॉलिड सागवानी किंवा ओकच्या फ्लोअरिंगला थंडी सुरू झाली की फटी दिसू लागतात आणि एप्रिलपर्यंत त्या वाढत जातात. अशा वेळी सुताराला बोलावून लांबी भरून घेतली, की जून-जुलैत फळ्या फुगतात आणि तीच लांबी दाबून वर येते, नाहीतर फळ्यांच्या कडा चिरडतात. म्हणून आधी मोजा, भरायचं की नाही ते नंतर ठरवा.

लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं. साधारण २७ अंश तापमानाला हवेतली आर्द्रता ८० टक्के असेल तर लाकडात १६ टक्क्यांच्या आसपास ओलावा राहतो. आर्द्रता ३० टक्क्यांवर आली की तो ६ टक्क्यांवर येतो. पुण्यातला ऑगस्ट आणि एप्रिलची दुपार यांत एवढं अंतर असतंच. पॉलिश केलेल्या, बंद घरातल्या फळ्या ही टोकं गाठत नाहीत, पण ४ टक्क्यांचा फरक सहज पडतो. तेवढ्यात १२५ मिमी रुंदीची ओकची फळी जवळजवळ १.८ मिमी आकसते, तेवढीच सागवानी फळी ०.९ मिमी. ६० मिमीची ओकची पट्टीही ०.९ मिमीच आकसते. रुंद फळी हवी असेल तर सागवान निवडणं शहाणपणाचं, ते यासाठीच.

मोजायला एटीएम कार्ड पुरतं. त्याची जाडी ०.७६ मिमी असते. खोलीभर आठ-दहा जागा ठरवा, कार्ड आत जातं का, दोन कार्डं मिळून जातात का, हे तारखेसकट लिहून ठेवा. सोबत हवेतली आर्द्रता दाखवणाऱ्या हायग्रोमीटरचा आकडा आणि लाकडातला ओलावा मोजणाऱ्या पिनवाल्या मॉइश्चर मीटरचं रीडिंग घ्या. मीटरवर लाकडाची जात बरोबर निवडा. ही नोंद एक पावसाळा पूर्ण होईपर्यंत चालू ठेवा.

फटी सगळीकडे सारख्या आणि एका कार्डाएवढ्या असतील, तर तो ऋतूचा खेळ आहे. हात लावू नका. कोरड्या दिवसांत, विशेषतः एसी सतत चालू असेल तर, ह्युमिडिफायर लावून आर्द्रता ४०-५० टक्क्यांवर ठेवली की फटी बऱ्याच मिटतात. सात-आठ फळ्या घट्ट चिकटलेल्या आणि मग एकच मोठी फट, असं दिसलं तर पॉलिश सांध्यांत उतरून फळ्या एकमेकींना जखडल्या आहेत, आणि सगळं आकसणं एकाच जागी बाहेर पडतंय. काही फळ्यांच्या कडा वर उचलल्या असतील तर पाणी खालून येतंय. बाथरूमची भिंत, बाल्कनीचा उंबरा आणि स्लॅब तपासा. तिथली ओल थांबल्याशिवाय वरून केलेलं काम टिकत नाही.

सगळ्यात वाईट प्रकार म्हणजे भिंतीलगत स्कर्टिंगखाली जागाच न सोडणं. १०-१२ मिमी मोकळी जागा नसेल तर पावसाळ्यात फुगलेल्या फळ्या एकमेकींच्या कडा कायमच्या दाबून टाकतात, आणि उन्हाळ्यात फटी मूळच्यापेक्षा मोठ्या दिसतात. स्कर्टिंगचा एक तुकडा काढून बघा. जागा नसेल तर आधी फळ्या कापून ती करून घ्या.

फळ्यांच्या टोकांमधली फट मात्र ऋतूमुळे पडत नाही, कारण लाकूड लांबीच्या दिशेने जवळजवळ आकसतच नाही. तिथे कापणी तिरकी झालेली असते किंवा फळी ठोकून नीट बसवलेली नसते. हे ठेकेदाराकडून दुरुस्त करून घ्या. बारीक असेल तर रंग जुळणारी मेणाची कांडी पुरते.

ऐन पावसाळ्यातही जी फट मिटत नाही, तीच भरायची. दीड-दोन मिमीपर्यंत लवचीक वूड फिलर चालतो. दोन्ही कडांना मास्किंग टेप लावा म्हणजे पॉलिशवर डाग पडत नाही. ३ मिमी किंवा त्याहून मोठ्या फटीत त्याच लाकडाची पट्टी घालावी. पट्टी खाली किंचित निमुळती करा, तिच्या लाकडाच्या रेषा फळीच्या रेषांच्या दिशेने ठेवा. पांढरा गोंद पट्टीच्या एकाच बाजूला लावा. दोन्हीकडे लावला तर दोन फळ्या जोडल्या जातात आणि पुढच्या कोरड्या दिवसांत शेजारचा सांधा उघडतो. लाकडी ठोकळा ठेवून हलकेच ठोका, वर एखादा मिलिमीटर राहू द्या. दुसऱ्या दिवशी ती धारदार पटाशीने किंवा छोट्या रंध्याने सपाट करून १५० आणि मग २२० नंबरचा पॉलिश पेपर फिरवा, आणि तेवढ्याच पट्ट्यावर मूळचं पॉलिश लावा.

फ्लोअरिंग अजून बसायचं असेल तर एक गोष्ट ठेकेदाराला ठामपणे सांगा. पावसाळ्यात खिडक्या उघड्या ठेवून फळ्या 'मुरवायला' ठेवू नका. त्या पाणी पिऊन फुगतात आणि तशाच बसतात. प्लास्टर, रंग आणि टाइल्सचं काम सुकल्यावर, घर राहण्यासारखं झाल्यावर फळ्या आत आणा. बसवायच्या दिवशी फळी आणि खालचं प्लायवूड दोन्हींचं रीडिंग घ्या. रुंद फळ्यांसाठी दोन्हींत २ टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको, ७५ मिमीपेक्षा अरुंद पट्ट्यांना ४ पर्यंत चालतो. ते आकडे बिलावर लिहून घ्या.