ब्रिटनच्या पावसात गाडी चार्ज करायची तर

कंपनीच्या सॅलरी सॅक्रिफाइस योजनेतून (म्हणजे कर कापण्याआधीच पगारातून हप्ता वळता होतो) इलेक्ट्रिक गाडी घेतली, राहायला मात्र भाड्याचा फ्लॅट मिळाला आणि घरी चार्जर लावायची सोय नाही. ब्रिटनमध्ये नव्याने आलेल्या आपल्यापैकी बऱ्याच जणांची ही अवस्था असते. गाडी एका चार्जमध्ये किती धावते यावर ऑफिसात कोणीही तासभर बोलेल. चार्जरपाशी उभं राहिल्यावर भिजावं लागतं का, जवळ टॉयलेट आहे का, हे कोणी सांगत नाही. म्हणून हे लिहितोय.

पहिलं म्हणजे छताची अपेक्षा सोडा. इथल्या बहुतेक पेट्रोल पंपांवर डोक्यावर भलंमोठं छत असतं. चार्जर मात्र आधीपासून असलेल्या कार पार्कच्या एखाद्या कडेला उभे केलेले असतात, आणि ती कडा बहुतेक वेळा दारापासून सगळ्यांत लांबची असते. चार्जर नुसता उभा करणं वेगळं. छत घालायचं तर खांब, पाया, पाण्याचा निचरा आणि बऱ्याचदा नियोजन खात्याची परवानगी, असा सगळा खर्च वाढतो. सरकारने २०२३ साली सार्वजनिक चार्जरसाठी नियम केले. दर प्रति युनिट पेन्समध्ये स्पष्ट दाखवायचा, ५० किलोवॅट आणि त्यापुढच्या चार्जरना साधं बँक कार्ड चाललं पाहिजे, चोवीस तास मोफत हेल्पलाइन हवी, हे सगळं त्यात आहे. छताबद्दल त्यात काही नाही.

मग पावसात प्लग लावणं सुरक्षित आहे का? आहे. हा प्रश्न प्रत्येक जण एकदा तरी विचारतो, आणि विचारायलाच हवा. प्लग हातात असताना त्याच्या पिनांमध्ये वीज नसते. तो गाडीत बसला, गाडी आणि चार्जर यांचं आपसांत बोलणं झालं आणि प्लग लॉक झाला, की मगच वीज सोडली जाते. काढताना आधी पुरवठा थांबतो, मग लॉक उघडतं. गाडीच्या सॉकेटमध्ये पाणी निथळायला वाट ठेवलेली असते. तरी प्लग खाली डबक्यात पडलेला असेल तर उचलून तोंड खाली करा, झटका, आत खडी-माती नाही ना ते बघा. प्लगला तडा गेलेला दिसला तर सरळ शेजारचा चार्जर घ्या. आणि घरातलं एक्स्टेंशन बोर्ड खिडकीतून बाहेर काढून गाडी चार्ज करण्याचा विचार मनात आला, तर तो तिथेच सोडा. वरची सगळी सुरक्षा त्या बोर्डाला लागू नाही.

पाऊस त्रास देतो तो दुसरीकडेच. टच स्क्रीनवर थेंब असले की बोट कुठे टेकवलं ते स्क्रीनला कळत नाही. बाही किंवा रुमालाने पुसायचं आणि तेवढ्यात बटण दाबायचं. कार्ड रीडर ओला असला तरी बहुधा चालतो, पण काही चार्जर सुरुवातीला कार्डावर ठरावीक रक्कम अडकवून ठेवतात आणि ती सुटायला वेळ लागतो. नवीन खात्यात पहिल्या पगाराआधी मोजकेच पैसे असतात, तेव्हा हे लक्षात असू द्या. रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबांवरचे हळू चार्जर बरेचदा फक्त अॅपवर चालतात. ती अॅप घरी वायफायवर बसून उतरवा, कार्डही तिथेच नोंदवा. भर पावसात बँकेच्या ओटीपीची वाट बघण्यासारखा वैताग नाही. हळू चार्जरला बहुधा केबलही आपलीच लागते. ती ओली होऊन परत डिकीत येते, म्हणून झाकणाचा प्लास्टिकचा डबा ठेवा. सोबत रबरी पकडीचे हातमोजे आणि टोपीचा रेनकोट. छत्री नको. एका हातात छत्री धरून थंडीत ताठ झालेली जाड केबल ओढता येत नाही, आणि इथला वारा छत्री टिकू देत नाही.

थंडीचा हिशोब वेगळा. बॅटरी गार असली की तिच्यात लिथियमचे कण सावकाश मुरतात. घाई केली तर त्यांचा थर साचून बॅटरीचं नुकसान होतं, म्हणून गाडी स्वतःच वेग कमी घेते. चार्जरवर १५० किलोवॅट लिहिलेलं असतं आणि मिळतात पन्नास, तेव्हा दोष बहुधा चार्जरचा नसतो. पुष्कळ गाड्यांत नॅव्हिगेशनमध्ये चार्जरचा पत्ता घातला की त्या वाटेतच बॅटरी गरम करायला घेतात. रस्ता पाठ असला तरी पत्ता घाला. चार्जिंग चालू असताना हीटर लावून आत बसता येतं. वेगवान चार्जरवर त्याचा फरक जाणवत नाही. खांबावरच्या पाच किलोवॅटच्या चार्जरवर मात्र हीटर त्यातला चांगलाच वाटा खातो.

आता सोयींबद्दल. इथे माझं मत ठाम आहे: बॅटरी किती टक्क्यांवर आली ते बघून थांबण्यापेक्षा जागा बघून थांबावं. मोटरवेवरच्या सर्व्हिसेस, म्हणजे महामार्गाकडेचे खाण्यापिण्याचे थांबे, महाग असतील, कळकट वाटतील, पण त्यांना सरकारी अटी आहेत. वर्षाचे सगळे दिवस चोवीस तास उघडं राहायचं, टॉयलेट फुकट आणि काही विकत न घेता, गाडी किमान दोन तास फुकट उभी करू द्यायची, गरम खाणंपिणं कुठल्याही वेळी मिळालं पाहिजे. लहान मूल किंवा वयस्कर आईवडील सोबत असतील, रात्रीचा प्रवास असेल, तर हाच भरवशाचा थांबा. चाळीस टक्के बॅटरी शिल्लक असली तरी तिथे थांबा.

सुपरमार्केटचे चार्जर दिवसा उत्तम. पण इंग्लंड आणि वेल्समध्ये मोठ्या दुकानांना रविवारी फक्त सहा तास उघडायची परवानगी असते, १९९४ च्या कायद्यापासून. रविवारी संध्याकाळी पाचला चार्जर चालू असतो आणि दुकान, टॉयलेट, कॉफी सगळं बंद. डिसेंबरात तोवर काळोखही झालेला असतो. स्कॉटलंडमध्ये ही भानगड नाही.

छतच हवं असेल तर शहरातले बहुमजली कार पार्क बघा. तिथले चार्जर बहुधा हळू असतात, फोनची रेंज दगा देते, पण तीन तास खरेदी करायची असेल तर कोरडेपणी काम होतं. मुद्दाम चार्जिंगसाठी बांधलेली ठिकाणंही वाढताहेत. एसेक्समधल्या ब्रेनट्रीला २०२० च्या डिसेंबरात ग्रिडसर्व्ह या चार्जिंग कंपनीचं पहिलं केंद्र उघडलं. तिथे चार्जरसोबत बसायला जागा, टॉयलेट, कॉफी असं सगळं आहे. नंतर नॉरिच आणि गॅटविकलाही तशी झाली. फास्टनेड या डच कंपनीची पिवळी, सौर पट्ट्यांची छतं लांबूनच ओळखू येतात. ऑक्सफर्डच्या रेडब्रिज पार्क अँड राइडला (गाडी लावून पुढे बसने शहरात जायचा तळ) ती आहेत. स्कॉटलंडात डंडी शहरानेही काही चार्जिंग केंद्रांवर सौर छतं घातली आहेत. म्हणजे करायचं म्हटलं तर जमतं.

आईबाबा व्हीलचेअर वापरत असतील तर आणखी एक बघावं लागतं. चार्जरभोवती मोकळी जागा किती, स्क्रीन किती उंचीवर, मध्ये फुटपाथची पायरी आहे का, यासाठी २०२२ मध्ये पीएएस १८९९ नावाचं मानक निघालं. ते ऐच्छिक आहे, त्यामुळे जुन्या जागा तशाच आहेत. झॅपमॅप या चार्जर शोधायच्या अॅपवर लोकांनी टाकलेले फोटो आणि अभिप्राय निघण्याआधी वाचा. तिथे छत, दिवे, खड्डे सगळं कळतं. एकट्या बाईने रात्री जायचं असेल तर कडेच्या एकाकी दोन चार्जरपेक्षा आठ-दहा चार्जर असलेली, दिवे लखलखीत असलेली जागा निवडावी, मग भले युनिटमागे काही पेन्स जास्त जावोत.

पार्किंगचा बोर्ड मात्र भिजत का होईना, वाचाच. चार्जिंगचे पैसे भरले म्हणजे पार्किंगचे भरले असं नाही. पुष्कळ ठिकाणी दोन्ही वेगळे असतात, आणि कॅमेरा नंबरप्लेट टिपून घेतो. चार्जिंग संपल्यावर गाडी अडवून ठेवली तर काही कंपन्या मिनिटामागे दंड लावतात. आल्याआल्या बोर्डाचा आणि चार्जरवरच्या हेल्पलाइन नंबरच्या स्टिकरचा फोटो काढून घ्या. प्लग अडकला तर तो नंबर लावा, स्टिकरवरचा चार्जरचा क्रमांक सांगा, ते बहुतेक वेळा तिकडूनच लॉक सोडवतात.