शाळेसाठी सामान देताय? मग या चुका टाळा

आपल्या नागपुरात जूनच्या शेवटी शाळा उघडायला आल्या की माजी विद्यार्थ्यांचे ग्रुप, मंडळवाले, ऑफिसवाले सगळे इतवारीच्या बाजारात जाऊन वह्या-कंपास घेतात आणि मनपाच्या किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेत वाटतात. मन चांगलंच असतं, पण बरंचसं सामान पोरांच्या हातात टिकतच नाही किंवा पोचतच नाही, म्हणून हे लिहून राहिलो.

पहिली चूक, न विचारता घेणं. पहिली-दुसरीच्या पोरांना दुरेघी आणि चौकटीची वही लागते, इंग्रजीला चाररेघी, अन आपण सगळ्यांना एकरेघी देऊन मोकळे. बाईंना सरळ विचारा, "दर महिन्याला तुम्ही स्वतःच्या पर्समधून काय आणता?" रंगीत खडू, कार्डशीट, फेव्हिकॉल, झेरॉक्स असं जे काही त्या सांगतील ना, तीच खरी यादी. आणि सगळं जूनमध्येच देऊ नका, दिवाळीच्या सुट्टीनंतर पेन्सिली संपलेल्या असतात तेव्हा कोणीच येत नाही, तर अर्धं तेव्हासाठी ठेवा.

दुसरी, काही न बघता शाळेला टीव्ही देणं. आधी बघा वर्गात चालू प्लग आहे का, लाईट बिल कोण भरणार, नेट नसलं तर काय दाखवणार. नेट नसेल तर व्हिडिओ पेनड्राइव्हवर टाकून द्या. टीव्ही पेनड्राइव्ह ओळखत नसेल तर बिघडला म्हणून झाकून ठेवू नका, कंप्युटरवर पेनड्राइव्ह फॅट ३२ (FAT32) या प्रकारात फॉरमॅट करून बघा (आतलं सगळं पुसलं जातं, आधी कॉपी करा) आणि एकेक फाईल ४ जीबीपेक्षा लहान ठेवा.

आता सगळ्यात मोठी चूक, आणि हिचं मला खरंच वाईट वाटतं. गणित पेटी, गोष्टीची पुस्तकं, भिंग, लोहचुंबक सगळं शाळेत असतं पण कपाटात, कुलूप लावून. काहून? तर साठा नोंदवहीत नोंद झाली की वस्तू तुटली तर उत्तर शिक्षकाला द्यावं लागेल ही भीती. शिक्षकांना दोष देऊन उपयोग नाही, ती भीती काढावी लागते. देतानाच पत्रात लिहून द्या की हे मुलांच्या वापरासाठी आहे, फाटलं-तुटलं तरी चालेल. शाळा व्यवस्थापन समितीत तसा ठराव घ्या, या समितीत ७५ टक्के सदस्य पालकच असतात त्यामुळे ते समजून घेतात, आणि तुटलेल्या वस्तूंचं निर्लेखन, म्हणजे नोंदवहीतून त्या रीतसर कमी करणं, वर्षाला एकदा करून टाका. पुस्तकं भिंतीलगत दोरीवर लटकवा, पोरांच्या हाताला येतील इतकी खाली. पावसाळ्यात मात्र तक्ते अन पुस्तकं जमिनीवर ठेवू नका, ओल धरते, वाळवी लागते.

फळ्याकडे तर कोणी बघतच नाही! फळा चकाकत असेल तर मागच्या बाकावरच्या पोराला काही दिसत नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत फळ्याचा मॅट रंग मारा, नीट वाळू द्या, मग खडू आडवा धरून पूर्ण फळ्यावर घासा आणि पुसा, त्यानंतरच लिहायला घ्या, नाहीतर पहिल्यांदा लिहिलेलं पुसूनही दिसत राहतं. टीव्हीच्या तुलनेत हा खर्च काहीच नाही.

आणि एक, शाळेला समग्र शिक्षा या सरकारी योजनेचं संयुक्त शाळा अनुदान असतं, ३१ ते १०० पटाला २५,००० रुपये, १०१ ते २५० ला ५०,०००, त्यातले किमान १० टक्के स्वच्छतेवर. खडू-झाडूपासून दुरुस्तीपर्यंत सगळं त्यातूनच, अन पैसा कधी कधी उशिरा येतो. त्यामुळे यादी घेऊन मुख्याध्यापकांसोबत बसा, अनुदानातून काय येणार ते आधी खोडा, जे उरेल तेवढंच आपण घ्या.