एकाच भांड्यातला बेक्ड पास्ता: या चुका टाळा

शनिवारी रात्री साडेआठच्या सुमारास माझ्या फोनवर फोटो यायला लागतात. कुणाचं चीज वरून करपलेलं आणि खाली पेने, म्हणजे नळीसारखा पास्ता, कच्चा. कुणाच्या ट्रेमध्ये सगळ्याचं पिठलं झालेलं. सोबत एकच प्रश्न: "काकू, आता काय करू?"

मी घरी बेकिंगचे वर्ग घेते. माझ्या मते घरच्यांच्या रात्रीच्या जेवणासाठी याहून सोपा पदार्थ नाही. कोरडा पास्ता, सॉस, भाज्या आणि पाणी एकाच ट्रेमध्ये घालायचं, झाकायचं आणि ओव्हनमध्ये ठेवायचं. पास्ता वेगळा उकडायचा नाही, चाळणीत ओतायचा नाही, घासायला भांडंही एकच. तरी तो बिघडतो, आणि वर्षानुवर्षं त्याच चार-पाच कारणांनी बिघडतो. त्यातलं पहिलं कारण पाणी.

भाताला पाणी मोजता, मग पास्त्याला का नाही?

मसालेभात आठवा. तांदूळ परतले की आधणाचं पाणी ओततो, तेही मोजून. मग झाकण ठेवतो आणि दणदणीत वाफ येईपर्यंत त्याला हात लावत नाही. हे सगळं ज्यांना झोपेतही जमतं, त्याच बायका पास्ता करताना फिल्टरचं गार पाणी अंदाजाने ओततात, भांडं उघडं ठेवतात आणि दर पाच मिनिटांनी ओव्हनचं दार उघडून बघतात. बाबांनो, हाही मसालेभातच आहे. शिजायला लागणारं सगळं पाणी पास्ता त्याच भांड्यातून पिणार आहे.

माझं माप असं: २५० ग्रॅम पेने किंवा फुसिलीला (पिळाच्या पास्त्याला) सॉस आणि पाणी मिळून ८५० मिली. मी सॉस आधी मापाच्या जगमध्ये ओतते आणि ८५०च्या रेघेपर्यंत उकळतं पाणी घालते. सॉस दाट असेल तर पाणी आपोआप जास्त पडतं, पातळ असेल तर कमी. "दोन वाट्या पाणी घाला" असं लिहून द्यायचं मी बंद केलं, कारण प्रत्येकीच्या घरची वाटी वेगळी आणि सॉसही वेगळा. एवढ्यात चार माणसं पोटभर जेवतात.

उकळतंच का? कारण पास्त्यातला स्टार्च गरम पाण्यातच फुलतो. गार पाणी घातलं तर पहिली पंधरा-वीस मिनिटं ओव्हन नुसतं पाणी तापवत बसतो. तेवढा वेळ पास्ता कोमट पाण्यात भिजतो, बाहेरून चिकट होतो आणि आतून तसाच राहतो.

झाकण का, हे मी एका रात्रीत शिकले. वर्ग सुरू करण्याच्या आधीची गोष्ट. नणंदेच्या मुलाचा वाढदिवस होता, नऊ माणसं जेवायला. मी अर्धा किलो पेने घेतला. सॉस दुपारीच करून फ्रिजमध्ये ठेवला होता, तो तसाच गार ट्रेमध्ये ओतला. वर फिल्टरचं पाणी, त्यावर सगळं चीज. फॉइल संपली होती. आता एवढ्यासाठी कोण खाली जाणार, म्हणून ट्रे न झाकताच आत ठेवला. चाळीस मिनिटांत चीज छान तपकिरी झालं. कडेचा एक तुकडा खाऊन बघितला, मऊ लागला. ट्रे टेबलावर नेला. मधला पास्ता वाढायला घेतला तर तो दाताखाली कटकन मोडला, आणि चीजखालचे वरचे तुकडे वाळून शिंगासारखे झाले होते. परत ओव्हनमध्ये ठेवला, तर चीज काळं पडलं. मग कढईत उपसून, पाणी घालून गॅसवर शिजवायला घेतला. कडेचा शिजलेला पास्ता विरघळला, मधला तरी कच्चाच. ज्याचा वाढदिवस, तो आठ वर्षांचा मुलगा दहीभात खाऊन झोपला. ते मला अजून सलतं.

म्हणून आता माझ्या घरी फॉइलचा एक रोल नेहमी जास्तीचा असतो. फॉइल भांड्याच्या काठावर चारी बाजूंनी घट्ट दाबून बसवायची, कुठून वाफ जाता कामा नये. चकचकीत बाजू आत की बाहेर, याने काही फरक पडत नाही. मात्र ती सॉसला टेकू देऊ नका, टोमॅटोच्या आंबटपणाने तिला बारीक भोकं पडतात. भांडं काठोकाठ भरलं असेल तर मध्ये बटर पेपर घाला.

तापमान २०० अंश, वरचा आणि खालचा दोन्ही रॉड चालू, ट्रे मधल्या कप्प्यात, झाकून ३५ मिनिटं. ओव्हन आधी पंधरा मिनिटं तापवलेला हवा. त्यानंतरच फॉइल काढायची, चीज घालायचं आणि उघडं दहा मिनिटं. त्या पस्तीस मिनिटांत दार उघडायचं नाही. लहान ओटीजीची (ओट्यावर ठेवायच्या विजेच्या छोट्या ओव्हनची) उष्णता दार उघडताच बाहेर पडते आणि पुन्हा तापायला त्याला वेळ लागतो. ज्यांना अर्धा तास स्वस्थ बसवत नाही त्यांनी तेवढ्यात कोशिंबीर करावी.

आणि हो, शितावरून भाताची परीक्षा होते, ट्रेमधल्या पास्त्याची होत नाही. कडेच्या तुकड्यांना भांड्याची उष्णता थेट लागते, मधले मागे राहतात. चाखायचा तर मध्यावरचा, तळाजवळचा तुकडा चाखा. तो कडक असेल आणि पाणी आटलं असेल तर कडेने अर्धा कप उकळतं पाणी सोडा, परत झाकून दहा मिनिटं ठेवा. उलट, पास्ता शिजलाय पण खाली रस दिसतोय, तर काही करू नका. बाहेर काढून दहा मिनिटं तसाच ठेवला की रस आपोआप दाट होतो. ही दहा मिनिटं बहुतेक जण खाऊन टाकतात आणि मग सॉस पातळ झाला म्हणून तक्रार करतात.

"आधी अर्धा उकडून घेतला तर लवकर होईल ना?" होईल, पण मग भांडी दोन झाली आणि माझं ८५०चं मापही चुकलं. उकडलेल्या पास्त्याची कृती वेगळी आहे. दोन कृतींची सरमिसळ केली की पिठलं होतं, आणि मला येणाऱ्या फोटोंपैकी निम्मे तरी या सरमिसळीचे असतात.

तापलेली काच ओल्या ओट्यावर

हे मी प्रत्येक वर्गात सांगते आणि तरी दर काही महिन्यांनी कुणाकडे तरी घडतं.

आमच्या शेजारच्या वहिनींनी काचेच्या ट्रेमध्ये पास्ता केला होता. उत्तम झाला होता, वास आमच्या दारापर्यंत आला होता. त्यांनी ट्रे बाहेर काढला आणि नुकत्याच पुसलेल्या ग्रॅनाइटच्या ओट्यावर ठेवला. काही क्षणांत धाडकन आवाज आला. मी पळत गेले तर स्वयंपाकघरभर काचा, भिंतीवर टोमॅटो, आणि त्यांची धाकटी अनवाणी दारात उभी. नशिबाने कुणाला लागलं नाही. वरवर चांगला दिसणारा अर्धा पास्ता उचलून घेऊ का, असं त्या विचारत होत्या. मी सगळा फेकायला लावला. चीजमध्ये रुतलेला काचेचा कण डोळ्यांना दिसत नाही. रात्री दहाला त्यांच्याकडे खिचडी टाकली.

काचेचा तळ एकदम गार होऊन आकसतो, वरचा भाग अजून प्रसरण पावलेलाच असतो, आणि त्या ताणाने काच फुटते. बोरोसिलिकेट, म्हणजे उष्णता सोसणारी खास काच, साध्या काचेच्या साधारण एक तृतीयांशच प्रसरण पावते, म्हणून ती जास्त सोसते. पण सोसते म्हणजे फुटतच नाही असं नव्हे. साध्या काचेची सर्व्हिंग डिश तर ओव्हनमध्ये नकोच, कितीही जाड असली तरी. गरम काच नेहमी कोरड्या, घडी घातलेल्या फडक्यावर किंवा लाकडी पाटावर ठेवा. फ्रिजमधून काढलेली काच थेट तापलेल्या ओव्हनमध्ये घालू नका, आणि मध्ये पाणी वाढवायचं झालं तर ते उकळतंच हवं. मी स्वतः त्या दिवसापासून ॲल्युमिनियमच्या केकच्या टिनमध्ये आतून बटर पेपर लावून पास्ता करते. दिसायला साधा दिसतो, पण घरच्यांसाठीच तर करतोय.

प्लग कुठे लावलाय?

ओटीजी १५००-१६०० वॅटचा असेल तर तो जवळजवळ सात अँपिअर वीज ओढतो. मोबाइल चार्जरच्या ६ अँपिअरच्या सॉकेटवर किंवा एक्स्टेन्शन बोर्डावर तो पाऊण तास चालवणं धोक्याचं आहे. बोर्ड वितळलेला मी पाहिलाय. १६ अँपिअरचा मोठा सॉकेट, आणि त्याच वेळी गीझर बंद.

फाटलेला सॉस

आंबट टोमॅटोच्या कच्च्या प्युरीत दूध ओतून ट्रे ओव्हनमध्ये ठेवला तर दूध फाटणारच. आपण पनीर असंच तर करतो. टोमॅटो, कांदा, लसूण आणि एक गाजर तेलात नीट शिजवा, कडेला तेल सुटेपर्यंत. गाजराने आंबटपणा उतरतो, चिमूटभर गूळही चालतो. दुधाळ चव हवीच असेल तर दूध नको, दोन-तीन चमचे साय किंवा क्रीम फेटून घ्या आणि तेही शेवटी, चीजबरोबर. वीस मिनिटं सॉस शिजवायचा कंटाळा करून पाकिटातली मसाला पूड घालणाऱ्यांशी माझं कधी जमणार नाही.

चीज

सुरुवातीलाच घातलेलं चीज करपतं, हे वर आलंच. तार हवी तर मोझरेला हवं. प्रोसेस्ड चीजच्या क्यूबमध्ये इमल्सिफायर क्षार (चरबी आणि पाणी एकजीव ठेवणारे क्षार) असतात, त्यामुळे ते वितळून मऊ होतं पण तार सुटत नाही. मी २५० ग्रॅम पास्त्याला १२० ग्रॅम मोझरेला आणि एक क्यूब किसून घेते. क्यूबमुळे खारटपणा येतो आणि तो मोझरेलाला लागतोच. किसून मिळणाऱ्या पाकिटातल्या चीजला चिकटू नये म्हणून पूड लावलेली असते, त्यामुळे ते ताज्या किसलेल्यासारखं एकजीव होत नाही. किसणी आहे ना घरात?

बाकीचं थोडक्यात

मीठ: इथे पास्ता मिठाच्या पाण्यात उकडलेला नसतो, म्हणून सॉस चाखताना तो थोडा खारट लागायला हवा.

भाज्या: मशरूम, झुकिनी, पालक आधी परतून त्यांचं पाणी आटवा. मटार, मका तसेच घाला.

पास्ता: पाकिटावर ड्युरम गव्हाचा रवा लिहिलेलं बघा. आपला बन्सी रवाही ड्युरमचाच. मैद्याचा सुटा पास्ता या कृतीत टिकत नाही. स्पॅगेटी इथे नको, तिचे गठ्ठे होतात.

मायक्रोवेव्ह: कन्व्हेक्शन मोड असेल तर ठीक. मायक्रोवेव्ह मोडवर फॉइल लावलेलं भांडं ठेवू नका, ठिणग्या उडतात.

ओरेगॅनो: पिझ्झाबरोबर आलेली, सहा महिने ड्रॉवरमध्ये पडलेली पुडी नको. ताजी बाटली आणा आणि ओरेगॅनो सॉसच्या तेलात, लसणाबरोबर घाला.

उरला तर: दुसऱ्या दिवशी तो घट्ट झालेला असतो. वर दोन चमचे दूध शिंपडा, झाकून १६० अंशांवर पंधरा मिनिटं ठेवा. ओव्हन लावायचा नसेल तर जाड बुडाच्या कढईत झाकण ठेवून मंद आचेवर गरम करा, आणि तळाला लागलेली कुरकुरीत खरवड आधी मुलांना द्या.