पावसाळ्यात बिघडलेला इंप्रिंटेड पॉलिमर: माझा अनुभव

इंप्रिंटेड पॉलिमर म्हणजे एखाद्या रेणूभोवती (हाच साचा) बनवलेला पॉलिमर; साचा धुऊन काढला की त्याच्या आकाराच्या खाचा उरतात आणि त्या तोच रेणू पुन्हा पकडतात. बॉक-एल-फिनाइलअॅलॅनिन (एका अमिनो आम्लापासून बनलेला रेणू) हा साचा वापरून बनवलेला पॉलिमर आणि साच्याविना बनवलेला पॉलिमर, दोघेही तो रेणू सारखाच शोषत असतील तर आधी सॉल्व्हंटमधलं (द्रावकातलं) पाणी तपासा. गोव्यात जूननंतर अॅसिटोनायट्राइलची बाटली दोनचारदा उघडली तरी ते ओलावा ओढतं. साचा आणि मेथॅक्रिलिक अॅसिड (साच्याला धरून ठेवणारा मोनोमर) यांना जोडतात ते हायड्रोजन बंध. पाणी तीच जागा अडवतं आणि खाचा तयारच होत नाहीत.

३ अँगस्ट्रॉम मॉलिक्युलर सीव्ह (पाणी शोषणारे सच्छिद्र दाणे) ३०० अंशांवर रात्रभर तापवून, बंद भांड्यात थंड करून अॅसिटोनायट्राइलच्या बाटलीत टाकले आणि दोन दिवस ठेवले की काम होतं. एआयबीएनची (पॉलिमर बनण्याची क्रिया सुरू करणारं रसायन) फ्रिजमधली बाटली खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय मुळीच उघडू नये, नाहीतर आत दव धरतं.

साचा, मेथॅक्रिलिक अॅसिड आणि ईजीडीएमए (साखळ्या एकमेकींना जोडणारा मोनोमर) यांचं मोलमधलं प्रमाण १:४:२०. साचा २६५ मिलिग्रॅम, मेथॅक्रिलिक अॅसिड ०.३४ मिलि, ईजीडीएमए ३.८ मिलि, एआयबीएन ७२ मिलिग्रॅम, अॅसिटोनायट्राइल साडेपाच मिलि. ईजीडीएमए बेसिक अॅल्युमिनातून (अल्कधर्मी अॅल्युमिनियम ऑक्साइडची पूड) गाळून घ्या; मेथॅक्रिलिक अॅसिड मात्र त्यातून गाळू नका, ते अॅल्युमिनालाच चिकटतं. बर्फात नायट्रोजन सोडून, सील करून ६० अंशांवर २४ तास.

धुणं हा खरा कस. मिथेनॉल-अॅसेटिक अॅसिड ९:१ ने सॉक्सलेटमध्ये (गरम द्रावकाने पुन्हापुन्हा धुणारं उपकरण) धुवा, मग नुसत्या मिथेनॉलने. अॅसिड उरलं तर तेच खाचांत बसतं. धुवणाचं २५७ नॅनोमीटरवरचं प्रकाशशोषण कोऱ्या मिथेनॉलइतकं होईपर्यंत थांबू नका. खरी परीक्षा डी-रूपाशी (त्याच रेणूची आरशातली प्रतिमा) तुलना करूनच घ्यावी.