बोकडाच्या भेज्यावरून मेंदूची रचना कशी पाहावी

पुस्तकातल्या आकृतीत मेंदू एका बाजूने कापलेला असतो आणि त्याला सात-आठ बाण जोडलेले असतात. नावं पाठ होतात, पण कुठला भाग कशाखाली दडलाय, कशाला चिकटलाय, हे कळत नाही. ते मटणाच्या दुकानातल्या भेज्यात दिसतं. शंभर-सव्वाशे ग्रॅमच्या त्या गोळ्यात माणसाच्या मेंदूतले जवळजवळ सगळे मुख्य भाग जागच्या जागी असतात. मात्र दोन-तीन ठिकाणी बोकड फसवतो, ती आधीच माहीत हवीत.

खरी अडचण भेजा अख्खा मिळवण्याची. मुंडी सत्तूरने उभी फाडली की मेंदू मधोमध चिरडतो आणि नेमका बघायचा भाग जातो. ठाण्यात राबोडी किंवा कळव्याकडच्या दुकानात आदल्या दिवशी सांगून ठेवा: भेजा अख्खा हवा, मुंडी भाजलेली नको. बुधवार, शुक्रवार, रविवारी असलं नाजूक काम करायला कुणाला सवड नसते, त्यामुळे मंगळवारी सकाळी गेलेलं बरं. दोन भेजे घ्या. एखाद्याचं पुढचं टोक हमखास कवटीतच तुटून राहतं. झाकणाच्या डब्यात घालून डबा बर्फात ठेवा. घोडबंदर रोडला राहत असाल तर बर्फ जास्तच घ्या, उकाड्यात अडकलेला भेजा घरी पोचेपर्यंत ओघळायला लागतो.

घरी आल्यावर एक लिटर थंड पाण्यात ९ ग्रॅम, म्हणजे साधारण दीड छोटा चमचा मीठ विरघळवून त्यात भेजा अर्धा तास ठेवा. साधं पाणी वापरू नका. ते पेशींत शिरतं आणि भेजा फुगून आणखी मऊ होतो. मग हातमोजे घालून वरचं रक्तवाहिन्यांचं पातळ आवरण सोला. सुरुवात मोठ्या आणि लहान मेंदूच्या मधल्या खाचेतून करा. तळाच्या बाजूला मात्र हात लावू नका, कारण तिथल्या आवरणाबरोबर मेंदूतून निघणाऱ्या चेताही उपटल्या जातात.

कच्चा भेजा सरळ कापला जात नाही. महाविद्यालयांत तो फॉर्मॅलिनमध्ये मुरवतात, पण ते विषारी असल्याने घरी आणायचंच नाही. त्याऐवजी मलमलच्या फडक्यात बांधून, तेवढंच मीठ आणि दोन मोठे चमचे व्हिनेगर घातलेल्या एक लिटर पाण्यात दहा मिनिटं मंद आचेवर ठेवा. पाणी खदखदलं तर भेजा फुटतो. सवयीने हळद टाकू नका, करडा-पांढरा फरक दिसेनासा होईल. त्याच पाण्यात निवू द्या, मग बंद डब्यात चार तास फ्रिजमध्ये ठेवा.

कापण्याआधी उलटा करून तळ बघा, कारण सगळ्यात जास्त शिकायला तिथेच मिळतं. पुढच्या टोकाला दोन ठसठशीत उंचवटे दिसतात, ते वास घेणारे गंधकंद. बोकडात ते मोठे, माणसात अगदी चिमुकले. त्यांच्यामागे पांढरी फुली दिसेल: डोळ्यांकडून येणाऱ्या दोन चेता इथे एकमेकींना ओलांडतात. बोकडाचे डोळे बाजूंना असल्याने त्यातले बहुतेक तंतू पलीकडे जातात. माणसात निम्मेच जातात. म्हणून माणसात या फुलीच्या मागे एका बाजूला इजा झाली, तर एक डोळा आंधळा न होता दोन्ही डोळ्यांची तीच अर्धी बाजू दिसेनाशी होते. फुलीमागे पीयूष ग्रंथी शोधत बसू नका, ती बहुधा कवटीतल्या खळग्यात राहिलेली असते.

आता सुलटा करा. लहान मेंदू मोठ्याच्या मागे सरळ रेषेत आहे. माणसात तो खाली झाकला जातो. तो हलकेच मागे वाकवला की चार उंचवटे दिसतात. पुढचे दोन पाहण्याशी, मागचे दोन ऐकण्याशी संबंधित.

मुख्य काप घ्यायचा तो मधल्या लांब खाचेतून. अंगठ्यांनी खाच उघडा, तळाशी पांढरा पट्टा दिसला पाहिजे. तो कॉर्पस कॅलोझम, दोन्ही अर्धगोलांना जोडणारा. लांब, पातळ सुरी ओली करून पुढून मागे एकाच ओढीत चालवा. करवतीसारखी पुढेमागे केली तर भेजा फाटतो. दोन-तीन मिलिमीटर सुरी सरकली, तर थॅलॅमसच (मेंदूच्या मधोमध खोलवर असलेली करडी गाठ) कापला जातो आणि त्याच्या मधली पोकळी दिसत नाही. असं झालं तर दुसरा भेजा आहेच.

काप नीट आला की लहान मेंदूत पांढऱ्या तंतूंचं झाड दिसेल. त्याच्यापुढची पोकळी म्हणजे चौथं निलय, मेंदूतल्या द्रवाने भरलेल्या पोकळ्यांपैकी एक. माणसात या पोकळ्यांमधून आणि मेंदूभोवती मिळून सुमारे १५० मिली द्रव असतो, आणि दिवसाला ५०० मिलीच्या आसपास नवा बनतो. म्हणजे वाट तुंबली की निलयं फुगतात. माणसाचा लहान मेंदू वजनाने मेंदूच्या जेमतेम दहावा हिस्सा, पण सुमारे ८,६०० कोटी चेतापेशींपैकी बहुतेक याच्यातच. खाली मस्तिष्कपुच्छ, श्वासाचं नियंत्रण तिथलं.

दुसऱ्या भेज्याचे आडवे, सेंटिमीटरभर जाडीचे काप करा. पहिला त्या फुलीच्या पातळीवर. उकडल्याने रंग फिके पडतात, तेव्हा बॅटरीचा उजेड तिरका पाडा. बाहेरचा करडा थर, आत पांढरा भाग, आणि खोलवर करड्या गाठींमधून जाणारी पांढरी पट्टी दिसेल. माणसात याच पट्टीतून हालचालीचे तंतू दाटीने खाली उतरतात. त्यामुळे इथली बारीक रक्तवाहिनी बंद पडली तरी शरीराची विरुद्ध बाजू पूर्ण लुळी पडू शकते.

हाताळलेला भेजा खायचा नाही. कागदात गुंडाळून ओल्या कचऱ्यात, गाडी यायच्या वेळेलाच टाका. सुरी आणि प्लास्टिकचा पाट आधी साबणाने धुवा, मग दहा मिनिटं ब्लीचच्या पाण्यात बुडवा. लाकडी पाट वापरू नका.