पाळीव सरपटणाऱ्या प्राण्यांच्या नोंदींसाठी सॉफ्टवेअर निवडताना

बॉल पायथन हा पाळला जाणारा अजगर थंडीत कित्येक आठवडे, कधी कधी काही महिनेही खाणे सोडतो, आणि अशा वेळी धीर धरावा की पशुवैद्याकडे धाव घ्यावी, हे नुसत्या नजरेने नव्हे, तर वजनाच्या नोंदींवरून ठरवावे लागते. म्हणून सॉफ्टवेअर प्रत्येक प्राण्याच्या वजनाचा तारखेनुसार आलेख दाखवते का, हे सर्वप्रथम पाहावे. ‘उंदीर दिला’ आणि ‘उंदीर खाल्ला’ या दोन नोंदी वेगवेगळ्या करता यायलाच हव्यात. कात अखंड निघाली की तुकड्यातुकड्यांनी, हेही टिपता यावे, कारण तुटक कात बहुधा पेटीतली आर्द्रता कमी पडल्याची खूण असते. मोफत की विकत, हा प्रश्न माझ्या मते दुय्यम आहे. सगळ्या नोंदी सीएसव्ही फाइलमध्ये (कोणत्याही स्प्रेडशीटमध्ये उघडणाऱ्या साध्या तक्त्यात) उतरवून घेता येत नसतील, तर ते सॉफ्टवेअर कितीही देखणे असले तरी घेऊ नये. भारतात बॉल पायथन, हिरवा इग्वाना (एक सरडा) यांसारख्या, वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील साइट्स कराराच्या परिशिष्टांतील प्राण्यांची २०२४ च्या नियमांनुसार केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते; तेव्हा खरेदीची पावती आणि जन्ममृत्यूच्या तारखा जपण्याची सोयही आधीच तपासून घ्यावी.