शॉर्ट ट्रॅकच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेला निघताना ठाण्यातून काय न्यावे

ठाणे आणि नवी मुंबईतील जी मुले हिवाळी खेळांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत पुरुष गटात शॉर्ट ट्रॅकला, म्हणजे बर्फावरच्या छोट्या मार्गावरील स्केटिंगच्या शर्यतींना, उतरणार आहेत, त्यांच्या पालकांसाठी आणि सोबत जाणाऱ्या व्यवस्थापकांसाठी ही यादी आहे. गेल्या वेळी आमच्या पथकाचे सगळे सामान पोहोचले आणि जिग, म्हणजे धार लावताना स्केटची पाती घट्ट पकडून ठेवणारी चौकट, ठाण्यात राहिले, म्हणून ती लिहिणे भाग आहे. पासपोर्टची मुदत परतीच्या तारखेनंतर किमान सहा महिने असावी आणि नूतनीकरणासाठी वागळे इस्टेटच्या पासपोर्ट सेवा केंद्राची वेळ आधीच घ्यावी. कागदपत्रांविषयी बाकीचे सर्वांना ठाऊक आहे. प्रवेशिका राष्ट्रीय संघटनेमार्फतच जाते, क्लबने आयोजकांना परस्पर पत्रे पाठवू नयेत. वयोगट ठरवताना १ जुलै ही तारीख धरतात, तेवढी जन्मदाखल्याशी पडताळून घ्यावी.

आता जिग. आपल्याकडची जवळपास सगळी मुले इनलाइन स्केटिंगमधून बर्फाकडे वळलेली असतात. चाके झिजली की बदलायची, बेअरिंग पुसून तेल द्यायचे, एवढी देखभाल त्यांच्या आणि आपल्या अंगवळणी पडलेली असते. धार ही वस्तूच त्या खेळात नाही. म्हणून बॅग भरताना हेल्मेट आठवते, सूट आठवतो, खाकरा आणि चिवडाही आठवतो, पण जिग आठवत नाही. शॉर्ट ट्रॅकमध्ये १११.१२ मीटरची फेरी असते आणि वळणावर खेळाडू इतका आत झुकतो की त्याचे सगळे वजन जेमतेम एक मिलिमीटर जाडीच्या पात्याच्या एका कडेवर येते. ती कड गेली की पाय बाहेर घसरतो आणि खेळाडू थेट कडेच्या गाद्यांवर जाऊन आदळतो. कड जायला फार काही लागत नाही: प्राथमिक फेरीत दुसऱ्याच्या पात्याला पाते घासले किंवा रबरी मॅट सोडून चार पावले सिमेंटवर पडली तरी पुरते. पुढची शर्यत कधी जेमतेम अर्ध्या तासावर असते. तेवढ्यात धार परत आणायची तर जिग हाताशी हवे. दुसऱ्या संघाकडून मागून घेऊ, या भरवशावर कोणीही राहू नये. त्यांचे खेळाडूही त्याच वेळी धार लावत असतात आणि त्यांचे जिग त्यांच्या पात्यांच्या लांबी-उंचीला बसवलेले असते.

जिगसोबत जाडा दगड, बारीक दगड, कडेला उठलेला कीस काढण्याचा छोटा दगड, तेल आणि जुनी सुती फडकी घ्यावीत. ही सारी मिळून एकच वस्तू आहे असे समजावे, कारण दगडाविना जिग म्हणजे नुसते वजन. दोन्ही पाती उलटी करून जिगमध्ये समपातळीत घट्ट बसवावीत, जाडा दगड टाचेपासून टोकापर्यंत सारख्या दाबाने फिरवावा, कडेवर कीस उठलेला बोटाला जाणवला की छोट्या दगडाने तो बाजूने सावकाश काढावा आणि शेवटी बारीक दगड फिरवावा. धार आली की नाही हे पाहण्यासाठी नखाचा पृष्ठभाग कडेवर आडवा हलकेच ओढावा. नखाची पांढरी भुकटी कडेला लागली तर धार आहे, नख नुसते सरकले तर नाही. पात्याच्या पूर्ण लांबीवर चार-पाच ठिकाणी असे पाहावे, कारण मधे धार आणि टाचेला बोथट हा प्रकार नेहमी होतो. खेळाडूला हे स्वतः करता आले पाहिजे, वडिलांना येते म्हणून भागणार नाही. आणि चाकू-सुऱ्यांना धार लावून देणाऱ्याच्या फिरत्या चाकावर ही पाती कोणी मुळीच देऊ नयेत: पात्याला लांबीच्या दिशेने ठरावीक गोलाई असते आणि डाव्या वळणासाठी किंचित बाकही दिलेला असतो; चाकाखाली ती गोलाई एकदा गेली की पाते फुकट गेले.

जिगच्या पकडीचा एखादा स्क्रू किंवा आटा खराब असेल तर तो निघण्याच्या महिनाभर आधी वागळे इस्टेटमध्ये किंवा रबाळ्याला लेथवर काम करणाऱ्याकडून नीट करून घ्यावा. पथकात चार मुले असतील तर दोन जिग घ्यावीत आणि ती दोन वेगवेगळ्या बॅगांत ठेवावीत. बॅग हरवणे हा प्रवासातला नेहमीचा धोका आहे, त्यावर दुसरा उपाय नाही.

पाती बुटांच्या बरोबर मध्यावर नसतात, डावीकडे सरकवून बसवलेली असतात. प्रवासासाठी ती काढण्यापूर्वी पाते बुटाला जोडणाऱ्या प्लेटची जागा बुटाच्या तळावर मार्करने आखून ठेवावी, नाहीतर परक्या ठिकाणी पहिला सरावाचा तास मिलिमीटर जुळवण्यात जातो. पाती चेक-इनच्या सामानात, बूट हातातल्या बॅगेत ठेवावेत. बूट पायाच्या साच्यावर बेतलेले असतात, ते दुसरीकडे मिळणार नाहीत. अ‍ॅलन की दोन घ्याव्यात. पाते ज्या नळीत बसवलेले असते ती दोन्ही टोकांना बंद असणे आणि मागचे टोक किमान १० मिलिमीटर त्रिज्येने गोल केलेले असणे बंधनकारक आहे. ते घरीच पाहावे, तपासणीच्या टेबलावर नव्हे.

संरक्षक साहित्यात काटकसर करू नये. ऑस्ट्रेलियाचा स्टीव्हन ब्रॅडबरी सर्वांना आठवतो तो २००२ च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिंपिकमुळे, जिथे १००० मीटरच्या अंतिम शर्यतीत पुढचे चौघे पडले आणि मागून येणाऱ्या त्याला सुवर्णपदक मिळाले. त्याच ब्रॅडबरीच्या मांडीत १९९४ साली माँट्रियलच्या शर्यतीत दुसऱ्या खेळाडूचे पाते घुसले होते. सुमारे चार लिटर रक्त गेले आणि १११ टाके घालावे लागले. त्यामुळे सहज न कापणाऱ्या कापडाचा सूट, गळ्याचे रक्षक, नडगीचे आणि गुडघ्याचे रक्षक, हातमोजे आणि हेल्मेट यांपैकी एकही गोष्ट उसनी किंवा सैल चालणार नाही. गळ्याच्या रक्षकाने गुदमरते अशी मुले तक्रार करतात. ठाण्याच्या उकाड्यात ते खरेही आहे, पण ते घालूनच सराव करायचा, यावर वाद नको. डाव्या हातमोज्याच्या बोटांवरच्या कडक टोप्या वळणावर बर्फाला टेकून टेकून निघतात. चार जादा टोप्या आणि अराल्डाइट न्यावे.

बर्फावरचा सराव आपल्या परिसरात होत नाही, ही आपली मोठी अडचण आहे आणि नुसत्या उत्साहाने ती सुटत नाही. देहरादूनची हिमाद्री रिंक २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी बांधली गेली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये तिथे शॉर्ट ट्रॅकची आशियाई खुली स्पर्धा झाली. स्पर्धेपूर्वी तिथे सलग सराव मिळेल असे पाहावे आणि मुलाच्या शाळा-कॉलेजची रजा त्यानुसार आधी मागावी. घरी स्लाइड बोर्डवर (पाय बाजूला सरकवण्याच्या गुळगुळीत फळीवर) आणि पट्टा धरून वळणाचा सराव रोज व्हावा. देहरादूनच्या सरावालाही जिग न्यायचे आहे. स्पर्धेच्या ठिकाणी पहिल्यांदा धार लावणाऱ्या मुलाचा हात घाईत चुकतो.

औषधांबाबत एकच सूचना: डॉक्टरांना खेळाडू असल्याचे सांगितल्याशिवाय काहीही घेऊ नये. सर्दीच्या काही गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन असते आणि ठरावीक मर्यादेपलीकडे ते स्पर्धेच्या काळात निषिद्ध आहे. कोणी प्रेमाने दिलेले, घटक न लिहिलेले चूर्ण किंवा ताकदीचे पावडर बॅगेतून काढून टाकावे.

स्पर्धेच्या दिवशी ५०० मीटरला साडेचार फेऱ्या, १००० ला नऊ, १५०० ला साडेतेरा, हे मुलांना माहीत असते. पुरुषांच्या ५००० मीटर रिलेत ४५ फेऱ्या असतात आणि शेवटच्या दोन फेऱ्या एकाच खेळाडूने पूर्ण करायच्या असतात. त्या कोण करणार हे आदल्या रात्रीच ठरवावे. गरम कपडे, कोरडे मोजे, पात्यांची कव्हरे. कव्हर न घालता एक पाऊलही टाकू नये. व्यवस्थापकाने जिग बर्फाजवळच्या बाकावर ठेवावे, खोलीत नव्हे, बसमध्ये नव्हे. प्रत्येक शर्यतीनंतर पाते पुसावे, नखावर पाहावे, गरज असेल तर लगेच धार लावायला बसावे.

परतताना पाती कोरडी करून तेलाचा हात फिरवावा. आपल्या दमट हवेत ती दोन दिवसांत गंजतात. पाती, बूट आणि जिग महाग असतात, त्यामुळे भारतातून निघतानाच विमानतळावर सीमाशुल्क अधिकाऱ्यांकडून त्यांचे निर्यात प्रमाणपत्र करून घ्यावे, म्हणजे येताना शुल्काचा प्रश्न उभा राहत नाही. त्यासाठी खरेदीच्या पावत्या हातातल्या बॅगेत असाव्यात आणि जिगची नोंद स्वतंत्र ओळीत करून घ्यावी.